पाळी गेल्यानंतरचं दुखणं
पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि नवऱ्याजवळ जाणं मला नकोसं झालं. मन होतं, पण आत आग व्हायची. नंतर लघवीला जळजळ, कधी कपड्यावर रक्ताचा डाग. दिवस उसात आणि गोठ्यात निघून जायचा. रात्रीची मात्र धास्ती वाटायची. आमच्या काष्टीत शनिवारच्या जनावरांच्या बाजारात गाईचा माज, गाभण राहणं, अंग बाहेर येणं, सगळं चारचौघांत मोकळेपणी बोलतात. बाईनं आपलं दुखणं जावेलासुद्धा सांगायचं नाही.

एका दवाखान्यात आतून न तपासताच 'गर्भाची पिशवी काढून टाका' म्हणाले. ऊसतोडीला येणाऱ्या बीडकडच्या बायकांच्या पिशव्या ऐन तारुण्यात काढल्याचं ऐकून होते; २०१९ मध्ये सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. मी नाही म्हटलं.

गावातल्या आशाताई मला दौंडला एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी आधी सगळं ऐकून घेतलं, मग तपासलं. रक्त दिसलं होतं म्हणून सोनोग्राफी केली, पिशवीच्या तोंडाची पॅप चाचणी केली, साखरही बघितली. कर्करोग नव्हता. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं पडतं, म्हणून दुखतं, असं त्यांनी चित्र काढून समजावलं. आत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम दिलं, संबंधाच्या वेळी वापरायला जेल दिलं. यांनाही आत बोलावून सांगितलं. परतताना हे म्हणाले, "मला वाटायचं, तुला मीच नको झालोय." काही आठवड्यांत आग थांबली.

पुढे एका अभ्यासाबद्दल वाचलं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका-मुली तपासल्या होत्या. १९८९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. ते वाचून मला रडू आलं. इतक्या जणी सोसत होत्या, आणि प्रत्येकीला वाटत असणार की हे आपल्या एकटीलाच आहे.

बायांनो, संबंधात दुखत असेल, अंगावरून वास येणारं पाणी जात असेल, तर डॉक्टरांना सरळ शब्दांत सांगा. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी घरी थांबू नका, लगेच तपासून घ्या.