जुन्या संगणकाची पारख

जुनी वस्तु घेण्यांत कमीपणा कांहींच नाहीं. कमीपणा आहे तो पारख न करतां घेण्यांत. पत्रव्यवहार, वर्तमानपत्रें आणि पेन्शनचा हिशेब एवढ्यापुरता एखादा वापरलेला संगणक घ्यावा, असें मी घरांत सुचविलें, तेव्हां चिरंजीवांनीं विचारलें, "नाना, स्वस्त खरा, पण त्यावर बँकेचें काम निर्धास्तपणें होईल का?"

प्रश्न मार्मिक होता. चोरवाटा बुजविणारी विंडोज १० ची नित्याची डागडुजी मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा बहुधा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणून त्यापूर्वींचीं धडधाकट यंत्रेंहि आज स्वस्तांत विकावयास निघतात. त्यांवर लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली घातली, मेमरी ८ जीबी केली व फिरत्या हार्ड डिस्कच्या जागीं एसएसडी बसविली, म्हणजे तीं आणखी कांहीं वर्षें चांगली सेवा देतात.

तेव्हां रंगरूप व किंमत पाहण्यापूर्वीं ही डागडुजी पुढें चालू राहणार का, एवढें विचारावें. घर जुनें असो वा नवें. जेथें पुंजी ठेवावयाची, त्या दाराला कडी हवीच.