काऊन घेतलं आर्ट्स?

दर्यापुरात दहावीचा निकाल लागला की पहिला प्रश्न टक्क्यांचा असतो आणि दुसरा अकोल्याचा. कोणता क्लास, होस्टेल की अप-डाऊन, नीट की जेईई? ज्यांच्या घरी क्लासच्या फीची सोय होते त्यांची मुलं जूनमध्ये अकोल्याच्या गाडीत बसतात. उरलेल्यांतली बरीच गावात राहतात आणि कला शाखेत जातात. त्यामुळे कोणी आपण होऊन कला शाखा मागितली, तर लोकांना कळेनासं होतं. मी मागितली तेव्हा शेजारच्या काकूंनी काळजीने विचारलं होतं, "काऊन वं, सायन्सले नंबर नाई लागला काय?"

लागला असता. मला इतिहास आवडत होता, एवढंच होतं. पण ते कारण म्हणून सांगता येतं हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. बाबांनी फक्त "पायजो मंग, नेटानं शिकजो" म्हटलं आणि अर्जावर सही केली.

अकरावीच्या वर्गात हजेरीपट भरलेला आणि बाकं रिकामी. मुलं पहाटे मैदानावर सोळाशे मीटर धावायची, पोलीस भरतीसाठी, आणि दिवसा शेतात किंवा दुकानात असायची. मुलींमध्ये दिवाळीनंतर कोणाचं तरी ठरल्याची बातमी यायची. आम्ही उरलेल्या जणी वहीत उत्तरं उतरवून घ्यायचो. कारणे लिहा, टिपा लिहा, फरक स्पष्ट करा. कारणं सगळी राज्यक्रांत्यांची आणि महायुद्धांची. आमच्यापैकी कोण इथं का बसलंय, याचं कारण कुठल्याच तासाला कोणी विचारलं नाही.

ते पहिल्यांदा एका अर्जाने विचारलं. राज्यशास्त्राच्या सरांनी बारावीच्या हिवाळ्यात मला तीन नावं लिहून दिली. दिल्ली विद्यापीठ, बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, जिथं पदवीचे वर्ग 2015 साली सुरू झाले होते आणि घरच्या उत्पन्नाप्रमाणे फी माफ व्हायची, आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था, जिला सगळे टिस म्हणतात, तिचं तुळजापूरचं केंद्र. दिल्लीची गोष्ट लवकर संपली. तिथं तेव्हा बारावीच्या गुणांवर यादी लागायची आणि चांगल्या कॉलेजांत ती पंच्याण्णवच्या पुढे थांबायची. पुढे 2021 मध्ये काही कॉलेजांत काही विषयांना ती शंभर टक्क्यांवर गेली. मराठी माध्यमातून कला शाखेत शिकणाऱ्या मुलीला आमच्या बोर्डात इतके गुण पडणं जवळजवळ अशक्य होतं. उरलेल्या दोन ठिकाणी परीक्षा होती, मुलाखत होती, आणि अर्जाच्या शेवटी एक मोठा रिकामा रकाना होता. तुम्हाला हे का शिकायचं आहे?

तो रकाना घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी लिहून दिलं नाही. ते प्रश्न विचारत बसले. तुमच्या शेतात विहीर आहे का? आहे. मग ओलीत का नाही? पाणी खारं आहे. का खारं? पिढ्यान् पिढ्या खारं असलेल्या पाण्याबद्दल मला कोणी 'का' विचारलं नव्हतं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला आमचा खारपाणपट्टा. खाली पाणी असून ते पिकाला देता येत नाही, म्हणून कापूस, तूर, मूग सगळं पावसाच्या भरवशावर आणि मागच्या ओलीवर हरभरा. सर म्हणाले, मातीत मीठ का आहे हे सायन्सवाला सांगेल. पण खाऱ्या पट्ट्यातल्या मुलीला कोणत्या गावात देतात, गोड्या पाण्याच्या टँकरवर कोणाचा हक्क आधी लागतो, किडनीच्या आजाराला लोक काय म्हणतात, हे कोण सांगणार?

मग शकुंतला. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी आमची नॅरोगेज, आता बंद पडलेली. दर्यापूरच्या स्टेशनचं नाव बनोसा. लहानपणी मामाच्या गावाला जाताना मी तिच्यातून गेले होते. वऱ्हाडाचा कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत आणि तिथून मँचेस्टरला पोचावा म्हणून किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने ती उभारली आणि स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षं तिची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली, हे मला त्या दिवशी कळलं. ज्या रुळांवरून मी गेले ते आपल्या सरकारचे नव्हते! औद्योगिक क्रांतीची कारणं मी पाठ केली होती. तिचा रूळ माझ्या गावातून गेला होता आणि माझ्या वहीत त्याचा उल्लेख नव्हता.

आज मला वाटतं, सरांची ती पद्धत इथलीच होती. दर्यापूरपासून जवळच अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव आहे. 1876 साली तिथं जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात उपदेश कमी करायचे आणि प्रश्न जास्त विचारायचे, समोरच्या माणसाकडूनच उत्तर वदवून घ्यायचे, तेही वऱ्हाडीत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला विचार करायला लावण्याची ही रीत ज्या मातीत झाली, तिथं कला शाखेच्या वर्गात टिपा उतरवून घेणं चालावं, याचं मला फार वाईट वाटतं.

अर्जात मी खारं पाणी आणि शकुंतला लिहिली. आधी वऱ्हाडीत, मग पुस्तकी मराठीत, मग सरांच्या शब्दकोशाच्या मदतीने इंग्रजीत. दरम्यान तहसीलच्या खेपा सुरू झाल्या. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, आणि ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात, कारण राज्याच्या नमुन्यातलं केंद्रीय संस्थेत चालत नाही. गावातून बाहेरच्या संस्थेत जाणाऱ्या कितीतरी मुलांची जागा या एका कागदापायी जाते.

तुळजापूरला नंबर लागला. मुलगी एकटी एवढ्या दूर राहणार म्हणून घरात दोन दिवस कोणी नीट बोललं नाही. आजीने निकाल दिला, "भवानीच्या पायाशी चालली पोरगी, भेव कायचं?" संस्था म्हणजे काय हे तिला समजावण्याची गरजच उरली नाही.

तिथल्या ग्रंथालयात पंजाबराव देशमुखांबद्दल वाचलं. आमच्याकडे ते भाऊसाहेब. कृषिमंत्री, श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे संस्थापक. दर्यापूरचं जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालय त्याच संस्थेचं. त्यांचा फोटो मी शेकडो वेळा पाहिला होता. 1898 साली पापळला शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा अमरावती, मग पुण्याचं फर्ग्युसन, मग एडिंबरा करत ऑक्सफर्डला पोचला आणि तिथं त्याने प्रबंध लिहिला तो वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर आणि विकासावर. शेतीवर नव्हे! कुणब्याच्या पोराने वेदांवर ऑक्सफर्डात लिहिलं आणि परत येऊन 1927 साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहात उतरला. या दोन गोष्टी मला वेगळ्या दिसत नाहीत. धर्म कसा घडत गेला हे ज्याने मुळापासून तपासलं, त्याला मंदिराचं दार बंद का, हे विचारताना कोणाच्या परवानगीची गरज पडली नसावी. आमच्या कॉलेजात त्यांची जयंती दरवर्षी झाली, पण ते काय शिकले हे भाषणांत कधी आलं नाही. आलं असतं तर अकरावी आर्ट्सच्या बाकावरची मुलं जरा ताठ बसली असती.

आता मी गावी परतून आले आहे आणि उन्हाळ्यात मुलांचे फॉर्म भरायला बसते. 2022 पासून केंद्रीय विद्यापीठांना सीयूईटी ही सामाईक परीक्षा आली. टक्क्यांची भिंत गेली, याचा मला मनापासून आनंद झाला. पेपर मराठीतही घेता येतो. पण प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकांवर, आणि ती पुस्तकं इंग्रजी, हिंदी, उर्दूत. आमच्या मुलांनी वाचलेली असतात बालभारतीची. म्हणजे परीक्षा मराठीत आणि अभ्यास परक्या भाषेत. शिवाय तो मोठा रकाना बऱ्याच ठिकाणी गेला आणि पर्यायांपुढचे गोल राहिले. यवतमाळात सुरू झालेल्या राजू केंद्रे यांच्या एकलव्यसारख्या संस्था खेड्यातल्या मुलांना अजूनही आपलं कारण लिहायला, बोलायला शिकवतात. ते काम मला फार मोलाचं वाटतं. पण ते बारावीनंतर आणि पदवीनंतर कशाला? 'तू हे का शिकतोस' हे अकरावीच्या पहिल्या आठवड्यात, आमच्याच वर्गात, आमच्याच मास्तरांनी विचारायला हवं. त्याला ना फी लागते, ना अकोल्याची गाडी.

यंदा एक मुलगा येतो आहे. त्याची आई निंदायला आणि कापूस वेचायला जाते. त्याने तिच्या सोबतच्या बायांना विचारून वहीभर लिहून आणलं आहे: वेचणीचा भाव किलोवर कोण ठरवतं, ओला कापूस वजनात कसा धरतात, उन्हात कोणाला चक्कर येते, निंदणाच्या वेळी कोणती गाणी अजून म्हणतात. त्याला अर्थशास्त्र शिकायचं आहे. अर्जाला तीनशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून आम्ही दोघं रोज संध्याकाळी काय काढायचं यावर भांडतो. गाणी काढू, असं मी म्हणते. तो ऐकत नाही. त्याचं म्हणणं, बाया भावाबद्दल गप्प राहतात, पण गाण्यात सगळं सांगतात, म्हणून हिशेब गाण्यातच आहे. मुदतीला अजून आठवडा आहे.