वकील कोणाचा?

जमिनीचे कागद करायची वेळ आली की आपण पहिले विचारतो, "पुण्यात कोणी ओळखीचा वकील आहे का?" ओळख असावी, पण त्याआधी एक पाहावे. हा वकील कोणाचा? म्हाताऱ्या माणसाचा, की त्याला घेऊन येणाऱ्या मुलाचा?

माझ्या थोरल्या चुलत्यांना, अण्णांना, घेऊन आम्ही शिवाजीनगर कोर्टाजवळच्या एका वकिलांकडे गेलो होतो. "सगळं माझ्या नावावर बक्षीसपत्र करायचंय," चुलतभाऊच बोलला. वकिलांनी आम्हा दोघांना बाहेर बसवले आणि अण्णांशी एकट्याशी अर्धा तास बोलले. भाऊ धुसफुसला. मला मात्र वाटले, माणूस बरोबर भेटला.

त्यांनी अण्णांना नीट फोड करून सांगितले. बक्षीसपत्राची नोंदणी झाली की जमीन आजच हातची जाते. मृत्युपत्र मरणानंतर लागू होते आणि शुद्धीत असेपर्यंत केव्हाही बदलता येते. त्याला मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदार हवेतच, आणि ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये. वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तो बापाला मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. बक्षीसपत्रच करायचे, तर 'मला सांभाळावे' ही अट त्यात लिहावी. मुलाने ती मोडली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतांकडे अर्ज करून ते रद्द करून घेता येते.

अण्णांनी मृत्युपत्र केले. राहते घर काकूंच्या हयातीपर्यंत त्यांच्याकडेच राहावे, हे त्यात आधी लिहिले. मुलासमोर हे त्यांच्या तोंडून निघाले नसते.

तेव्हा एवढे पाहा. वकिलाकडे बार कौन्सिलची सनद असावी. फी आधी ठरवावी, पावती घ्यावी. फीपोटी जमिनीत वाटा मागणाऱ्याकडून उठून यावे. वकिलीच्या नियमांत ते बसत नाही. मसुदा मराठीत वाचून घ्यावा. पैशाची अडचण असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आणि मुलांनो, वडिलांना वकिलाकडे न्याल तेव्हा थोडा वेळ बाहेर बसा. त्यांचे त्यांना बोलू द्या.