पुढे, पुढे, समजले!

मोबाइलवरच्या ‘समजले’ या बटणाइतकं धडधडीत खोटं बोलणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. आमच्या बँकेचं ॲप नवं झालं की उघडताक्षणी पडदा काळवंडतो, कोपऱ्यात उजेड पडतो आणि शेजारी फुगा येतो : ‘ही नवी सोय पाहा.’ माणूस आलेला असतो विजेचं बिल भरायला, तेही शेवटच्या तारखेला! मुहूर्त टळत आलेल्या भटजींनी मंगलाष्टकं उरकावीत तसा तो ‘पुढे, पुढे, समजले’ दाबत सुटतो. काय समजलं म्हणाल, तर फुगे संपले एवढं समजलं.

हा आग्रह जुनाच. मायक्रोसॉफ्टने ऑफिस ९७ मध्ये कागदांना लावायची एक क्लिप डोळे लावून बसवली होती. मायना लिहिला रे लिहिला की पत्र लिहिताय का, मदत हवी का, असं ती विचारी. लोक इतके वैतागले की २००१ च्या आवृत्तीत तिचं आपण होऊन येणं बंद झालं आणि ऑफिस २००७ मध्ये ती दिसेनाशीच झाली. बिचारीचा हेतू वाईट नव्हता हो! पण चांगला वाढपी पान बघून येतो. ही पहिल्या वरण-भातावरच जिलब्यांची परात घेऊन उभी.

२०२० साली रिझर्व्ह बँकेच्या आदेशावरून ग्राहकाला स्वतःचं कार्ड बंद-चालू करायची सोय मिळाली. सोन्यासारखी सोय. आमच्या ॲपने तिचाही फुगा सोडला आणि लोकांनी तो शिरस्त्याप्रमाणे फोडला.

मग एका दुपारी एक निवृत्त मास्तर घाम पुसत काउंटरशी आले. मंडईत पाकीट गेलेलं. पाकिटात कार्ड, खात्यात नुकतंच जमा झालेलं पेन्शन.

“अर्ज कुठे लिहू ते सांगा लवकर!”

“गुरुजी, अर्ज मागाहून. आधी फोन काढा.”

फोन मी हातात घेतला नाही. बँकवाल्याने घेऊही नये. काचेअलीकडून नुसतं सांगत गेलो. थरथरत्या बोटाने त्यांनी बटण सरकवलं. हिरव्याचं करडं झालं.

“एवढंच?”

“एवढंच. आता हे कार्ड कायमचं रद्द करू.”

“मग हे आधी का नाही सांगितलंत?”

फुग्यांचा विषय मी काढला नाही. पैसे जागच्या जागी होते.

परवा पासबुकाच्या रांगेत मास्तर एका आजीबाईंची शिकवणी घेत होते. “घरी गेल्यावर नको, इथेच करा. बंद करा. हं, आता चालू. पुन्हा एकदा!” रांग अर्धा तास हलली नाही. मॅनेजरसाहेब केबिनमधून मला खुणावत होते म्हणे. मी त्या वेळी शिक्क्याच्या पॅडला शाई घालण्यात गर्क होतो.