डाव्या बाजूचं

शनिवारची दुपार. अकोल्याहून भुसावळकडे जाणारी गाडी, महत्प्रयासानं मिळालेली खिडकी आणि मांडीवरच्या सॅकमधून बाहेर डोकावणारं, टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं. शेजारच्या काकूंनी शेगाव येईपर्यंत दम धरला. मग विचारलंच, "बासरी शिकता का?"

"हो," मी म्हटलं. काय सांगणार? टॉवेलात माणसाच्या मांडीचं हाड होतं. फीमर. सोमवारी त्याच्यावर व्हायवा होती. दीड फुटाची ही वस्तू कॉलेजच्या सॅकमध्ये मावत नाही, हे मात्र कुठल्याच टेक्स्टबुकात लिहिलेलं नाही.

मी नांदुऱ्याची. मुंबईहून नागपूरला रेल्वेनं जाताना मलकापूर गेलं की शेगावच्या अलीकडे लागतं ते. हायवेनं गेला असाल तर १०५ फुटी हनुमान बघून तुम्ही गाडी नक्की थांबवली असेल, तेच आमचं गाव. एक वर्ष ड्रॉप घेऊन, दोनदा नीट देऊन मी अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोचले. २००२ साली सुरू झालेलं हे कॉलेज घरापासून तास-सव्वा तासावर. म्हणजे हॉस्टेलचं स्वातंत्र्यही आणि शनिवारी आईच्या हातचं भरीतही. याहून भारी डील कुठे मिळते, सांगा!

एमबीबीएसचं पहिलं वर्ष म्हणजे नुसता रट्टा, असं सगळे म्हणतात. खरंच आहे ते. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, आणि प्रत्येकाचं पुस्तक उशाला घेतलं तर मान दुखेल इतकं जाड. पण या वर्षाची काही मजा सिलॅबसमध्ये नसते. हिस्टॉलॉजीचंच घ्या. मायक्रोस्कोपखाली दिसेल ते जर्नलमध्ये गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलीनं काढायचं, कारण स्लाइडला हेच दोन रंग दिलेले असतात. पेशींची केंद्रकं जांभळी, बाकी जवळजवळ सगळं गुलाबी. त्यामुळे रंगपेटीतले बाकीचे दहा रंग नवेकोरे आणि गुलाबीचा नखाएवढा तुकडा उरलेला. रात्री अकराला, सबमिशनच्या आदल्या दिवशी, रूममेटनं स्वतःची गुलाबी पेन्सिल मोडून अर्धी आपल्याला देणं म्हणजे काय प्रेम असतं, ते तुम्हा पगारदार लोकांना नाही कळायचं.

डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्या दिवशी आम्ही शपथ घेतली. समोरच्या टेबलावरच्या देहाचा मान राखू, अशी. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा होता. फॉर्मॅलिननं सगळ्यांचेच डोळे चुरचुरत होते, त्यामुळे कोण खरंच रडतंय ते कळायला मार्ग नव्हता. आणि पंधराच दिवसांत त्याच टेबलाभोवती उभं राहून आम्ही आज मेसला काय असेल याची चर्चा करत होतो. फॉर्मॅलिननं भूक लागते असं सिनियर्स सांगतात. शास्त्रीय पुरावा मागू नका, आमच्या मेसवाल्याला विचारा.

तर, हाड घेऊन घरी पोचले. आजी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. मी मोठ्या ऐटीत टॉवेल सोडला. आईनं "अगं बाई!" करत आधी देवघराचं दार ओढून घेतलं. आजी मात्र जवळ सरकली.

"कोनाचं व्हय वं हे?"

"डाव्या बाजूचं," मी फटकन सांगितलं. गोल डोकं वर आणि आतल्या अंगाला धरायचं, खरबरीत उभी रेघ मागे, की बाजू कळते. महिनाभर हेच घोकलं होतं.

"बाजू नाही इचारली. कोनाचं, म्हनलं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनियरकडून आलेलं, त्याला त्याच्या सिनियरनं दिलेलं. सव्वाशे प्रश्नांची तयारी केली होती मी त्या हाडावर, हा त्यात नव्हता. आजीनं तुरीचे हात पदराला पुसले, टॉवेल घेतला आणि हाड पुन्हा नीट गुंडाळून ठेवलं. "रातच्याले उघडं नको ठेवू," म्हणाली, "थंडी हाय."

तिकडे फिजिऑलॉजीत आम्ही बीपी घ्यायला शिकलो होतो. हा फर्स्ट इयरचा सगळ्यात मोठा आनंद, कारण इतकं एकच काम आपल्याला डॉक्टरसारखं करता येतं. १९०५ साली कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन डॉक्टरनं ही युक्ती सांगितली. पट्ट्यातली हवा हळूहळू सोडायची आणि स्टेथोस्कोपमधून ऐकत राहायचं. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, ठोके बंद होतात तो खालचा. पहिल्या दिवशी मला पार्टनरच्या बीपीऐवजी माझ्याच छातीची धडधड ऐकू येत होती बहुतेक. पण एकदा जमलं आणि मग मी सुटलेच. हल्ली आम्हाला पहिल्याच वर्षापासून एका गावातली काही कुटुंबं दत्तक असतात, तिथे जाऊन तब्येतीची चौकशी करायची. तिथल्या एका काकांना मी अगदी ठणकावून सांगितलं होतं, "बरं वाटलं तरी गोळी थांबवायची नाही हं!"

त्या शनिवारी मी घरचा दरबार भरवला. आई नॉर्मल, आजी नॉर्मल, शेजारच्या दोन काकू नॉर्मल, आणि सगळ्या मला 'डॉक्टरीनबाई' म्हणत होत्या. संध्याकाळी बाबा आले. आमचं सरकी ढेपेचं दुकान आहे. पोती उचलून आलेला माणूस, म्हणून मी त्यांना पाच मिनिटं शांत बसवलं, पाय जमिनीला, हात छातीच्या लेव्हलला, बोलायचं नाही. सगळं सरांनी शिकवलं तस्सं.

१६८/१०२.

पुन्हा घेतलं. १६६/१००.

"तुयं चुकलं असन," बाबा बाही खाली करत म्हणाले. "अजून शिकूनच तं राह्यली तू."

मला ते मनापासून पटवून घ्यायचं होतं. सकाळी उठल्याउठल्या परत घेतलं, चहाच्या आधी. आकडा चार पॉइंटांनी खाली, बस्स. मी किचनमध्ये गेले तर आई माझ्याकडे न बघता पोळी लाटत म्हणाली, "मागच्या सालीच सांगतलं होतं डॉक्टरनं. तुयं नीट होतं ना तवा. तुले टेन्शन नको, म्हनून नाही बोललो." महिनाभर गोळी घेतली. मग बरं वाटायला लागलं, म्हणून बंद.

मागच्या साली म्हणजे माझ्या ड्रॉपच्या वर्षी. मी रात्री दोनपर्यंत पलीकडच्या खोलीत मानवी रक्ताभिसरण पाठ करत होते, आणि भिंतीच्या अलीकडे हे. मी त्यांच्यावर चिडले, मग रडले, मग पुन्हा चिडले. बाबा म्हणाले, "बरं वाटत होतं, तं काय घेऊ?" त्यावर माझ्याकडे पाठ केलेलं एक उत्तर होतं. दत्तक गावातल्या काकांना ते किती सफाईनं दिलं होतं! बाबांसमोर तोंडातून शब्द फुटेना. सोमवारी व्हायवाला मला हाडाची बाजू विचारली. मी बरोबर सांगितली.

आता बाबांची गोळी चालू आहे. गावातल्या डॉक्टरांनी सुरू करून दिली, लोणचं-पापड कमी करायला सांगितलं. ठेच्यावर मात्र अजून वाटाघाटी चालू आहेत. दर शनिवारी मी उतरले की आधी चहा नाही, आधी पट्टा. आकडा बाबा स्वतः लिहितात, दुकानाच्या वहीत, त्या दिवशी विकलेल्या पोत्यांच्या खाली. गेल्या शनिवारी १३८/८८ आलं.

"पास?" त्यांनी विचारलं.

"काठावर," मी म्हटलं.

"ग्रेस नाही ना लावले?"

"नाही."

त्यांनी आकडा लिहिला, वही मिटली आणि कागदात बांधलेली शेगाव कचोरी हळूच माझ्याकडे सरकवली. एकच होती. अर्धी मोडून त्यांनी स्वतःकडे ठेवली होती, ते मी पाहिलं.