समोरची खुर्ची

मुंबईत हॉटेल म्हणजे मुक्कामाची नव्हे, खाण्याची जागा. तिथले टेबल सहसा एकाच गिऱ्हाइकाचे नसते. चारांपैकी दोन खुर्च्या रिकाम्या असतील तर दारातून येणारा कोणीही त्यांवर बसू शकतो. फार तर खुर्चीला हात लावून तो नजरेने विचारतो. समोरच्याचे आडनाव, गाव, धंदा यांची चौकशी होत नाही. गर्दीच्या शहराला ही रीत आपोआप सुचली असे वाटते, पण तसे नाही. कोणी कोणाच्या पंगतीला बसायचे याचे नियम मोडत मोडत ही खुर्ची मोकळी झाली आहे.

ते नियम किती कडक होते याची साक्ष पुण्यात मिळते. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून टिळक, रानडे यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य आले आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढे बराच काळ धुमसत राहिला. शिकल्यासवरलेल्या पुढाऱ्यांची ही गत, मग कोकणातून किंवा घाटावरून गिरणीत कामाला आलेल्या साध्या माणसाने परक्याच्या ताटाला हात लावायचा कसा?

त्याची सोय खाणावळीने केली. बायको-मुले गावी, मुंबईत गाळ्यात वळकटी पसरण्यापुरती जागा; अशा माणसाला परळ-लालबागच्या चाळीतली एखादी बाई आपल्या एकुलत्या खोलीत दोन वेळा जेवू घालायची. पहिल्या पाळीचा माणूस उपाशी जाऊ नये म्हणून तिची चूल भल्या पहाटे पेटलेली असायची आणि पैसे यायचे ते महिनाअखेर, पगार झाल्यावर. तोवरचा किराणा सावकाराच्या व्याजावर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. मुंबईच्या खाद्यजीवनावर लिहिताना नामांकित हॉटेलांची नावे आधी येतात. खरे तर या शहराचा पाया घालणारी माणसे या बायकांच्या हातचे खाऊन जगली. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप सुरू झाला, जेवणारे हळूहळू गावी परतले आणि अनेक चुली थंडावल्या. खाणावळीत शेजारी बसणारा मात्र बहुधा आपल्याच तालुक्यातला, आपल्याच नात्यागोत्यातला असे. परका माणूस समोर येऊन बसला तो इराण्याकडे.

यझ्द आणि केरमान या भागांतून आलेल्या झरतुष्ट्री इराण्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईत चहाची दुकाने काढली. नाक्यावरची कोपऱ्याची जागा इतर व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती यांना स्वस्तात मिळाली, असे सांगतात. कारण काहीही असो, जागा फार मोलाची ठरली: दोन रस्त्यांना दोन दारे, उजेड, वारा आणि दोन्हींकडून येणारी गिऱ्हाइके. धोबी तलावाचे कयानी १९०४ सालचे, ग्रँट रोडचे मेरवान १९१४ चे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ चे. संगमरवरी पाट्याची टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, गल्ल्याशेजारी खारी-नानकटाईच्या बरण्या. ब्रून मस्का चहात बुडवला की लोण्याचे तवंग बशीपर्यंत येतात. वेटर बिल लिहीत नसे. टोपी, चष्मा, शर्टाचा रंग अशी खूण सांगून रक्कम गल्ल्याकडे ओरडत असे. माणसाची ओळख तेवढीच पुरे होती, आणि या शहराने सामान्य माणसाला दिलेली ही फार मोठी मोकळीक होती.

ज्यांना तेवढी मोकळीक मानवत नव्हती त्यांच्यासाठी वेगळी दारे उघडली. दादर स्टेशनाजवळच्या मामा काण्यांच्या उपाहारगृहाच्या नावातच ‘स्वच्छ’ हा शब्द आहे. बाहेर खायला धजावणाऱ्या मराठी मध्यमवर्गाला त्या एका शब्दाचा केवढा धीर वाटला असेल. उडुपी हॉटेलांतला स्वयंपाकी बहुधा ब्राह्मण असल्याने सोवळ्याओवळ्याची काळजी करणारेही तिथे निर्धास्त बसत. माटुंग्याचे रामाश्रय १९३९ चे, कॅफे मद्रास १९४० चे, रामा नायकांचे श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. टेबल पुसणारी दक्षिण कन्नडची मुले रात्री कन्नड रात्रशाळेत जाऊन शिकली आणि त्यांतली काही पुढे स्वतः गल्ल्यावर बसली. सोवळे जपण्यासाठी उघडलेल्या या दारांतून आत सगळेच येऊ लागले. भुकेल्या माणसांची रांग लागल्यावर मालक तरी कोणाकोणाची जात विचारणार?

मुंबईत वाढलेल्या माणसाच्या आयुष्यात ही खुर्ची वयाप्रमाणे बदलत जाते. पहिल्यांदा तिच्यावर आई असते. दादरला शाळेचा गणवेश किंवा दिवाळीचे कपडे घेऊन झाले की पिशव्या पायाशी ठेवून साबुदाणे वडे मागवायचे. आई स्वतःसाठी वेगळे मागवत नाही, मुलाच्या बशीतला एक तुकडा मोडून घेते आणि पुरे म्हणते. तिला खरोखरच पुरे असते का, हे मुलाच्या लक्षात येईपर्यंत बरीच वर्षे जातात.

कॉलेजात समोर मित्र येतात. चहा ‘वन बाय टू’ आणि गप्पा दोन तास. इराणी उठवत नाही, हा त्याचा थोरपणा. काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये कवी अरुण कोलटकर वर्षानुवर्षे बसत आणि खिडकीबाहेरच्या त्या चौकाच्या कविता २००४ साली पुस्तकरूपाने आल्या. बसू देणारी जागा शहराला काय देऊन जाते, याचे हे उदाहरण.

नोकरी लागली की समोर अनोळखी माणूस येतो. फोर्टातल्या उडुप्याकडे दुपारी एकला राइस प्लेट घेणाऱ्यांचे काही संकेत आहेत, ते कोणी शिकवत नाही. दुसऱ्याच्या ताटात पाहायचे नाही. पाण्याचा जग न सांगता सरकवायचा. पेपर असेल तर आतली पाने सोडवून द्यायची. पाठीमागे कोणी उभे असेल तर ताक संपताच उठायचे.

हे सारे दीर्घकाळ पुरुषांपुरते होते, याची नोंद केल्याशिवाय विषय पुरा होत नाही. बायकांसाठी पोटमाळ्यावर किंवा लाकडी आडोशामागे ‘फॅमिली रूम’ असे. प्रेमात पडलेल्यांना तो आडोसा आधाराचा वाटला. पण एकटी बाई भूक लागली म्हणून टेबलाशी बसली की साऱ्या हॉटेलाच्या माना वळत. ज्या शहरात हजारो पुरुषांना बायकांनीच जेवू घातले, तिथे बाईला निवांत बसून एक कप चहा पिण्यासाठी कित्येक दशके थांबावे लागले, हा अन्याय होता. जहांगीर कलादालनात उषा खन्ना यांनी १९६४ साली सुरू केलेले समोवार, जिथे चित्रे पाहायला आलेले कोणीही, एकटी बाईसुद्धा, बसे, तेही २०१५ साली बंद झाले.

१९९६ साली वांद्र्यात मॅकडोनाल्ड्स आले, २०१२ च्या ऑक्टोबरात हॉर्निमन सर्कलजवळ स्टारबक्स. या कॅफेंनी एकटीने बसणे सोपे केले, हे त्यांचे श्रेय निःसंशय. पण तिथल्या दोन खुर्च्यांच्या टेबलाशी समोरच्या खुर्चीवर लॅपटॉपची बॅग बसते आणि ती उचला असे कोणी म्हणत नाही. मोबाइलवरून घरी जेवण मागवले तर खुर्चीचा प्रश्नच उरत नाही. दारात हेल्मेट घातलेला मुलगा येतो, पिशवी देतो, जातो.

इराण्यांची दुकाने आता थोडी उरली आहेत. धोबी तलावाचे बस्तानी २००४ साली मिटले. जी चालू आहेत तिथे सकाळी निवृत्त माणसे येतात, ठरलेल्या टेबलाशी बसतात. आईची जागा, मित्रांची जागा रिकामी झालेली असते. एखादा कॉलेजचा मुलगा खुर्चीला हात लावून नजरेने विचारतो, कानातली तार न काढता बन मस्का मागवतो. म्हातारा पेपरची आतली पाने सोडवून त्याच्याकडे सरकवतो, आणि मुलगा ती घेतो.