सही दादाचीच

कारखान्यात काम करणाऱ्या माणसाच्या घरात महिना सात तारखेला सुरू होतो. पगार झाला की किराणा, दूध, पतसंस्थेचा हप्ता, मुलीची फी, वहिनीची भिशी हे सगळं दोन-तीन दिवसांत मार्गी लागतं आणि उरलेला महिना त्या दोन-तीन दिवसांच्या जिवावर निघतो. माझा मोठा भाऊ भोसरीच्या एका लहान कारखान्यात सीएनसी मशीन चालवायचा. तीव्र नैराश्यामुळे त्याचं कामावर जाणं थांबलं, तेव्हा आजाराविषयी बोलायला आम्हाला वेळ लागलाच. पैशांविषयी बोलायला त्याहून जास्त लागला.

साठलेल्या रजा संपल्या आणि बिनपगारी दिवस सुरू झाले. बँकेचा मेसेज आला की दादा फोन पालथा ठेवायचा. पतसंस्थेचं पत्र आलं की न फोडता टीव्हीमागे सारायचा. याला कुणी बेफिकिरी म्हटलं की मला आजही राग येतो. नैराश्यात आकड्यांवर नजर ठरत नाही. दोनांतून एक निवडणं, कुणाला तरी फोन लावणं, अर्ज लिहिणं, रांगेत उभं राहणं, एवढ्याशा गोष्टी अंगावर येतात. पगार थांबल्यावर वाढतात त्या नेमक्या याच. मग काळजीने झोप उडते, झोप उडाली की आजार बळावतो, आणि घरात काटकसर सुरू झाली की रुग्ण पहिली कात्री स्वतःच्या औषधांना लावतो. दादा दिवसाआड गोळी घ्यायला लागला होता. स्ट्रिपमध्ये उरलेल्या गोळ्या बघून वहिनीच्या लक्षात आलं. डॉक्टरांना न विचारता अशा गोळ्या कमी केल्या तर चक्कर, मळमळ, बेचैनी होते. माणसाला वाटतं आजारच वाढला, आणि त्याचा औषधांवरचा विश्वासही जातो.

अशा वेळी घरातल्या कुणाला ना कुणाला जुनी पगाराची चिठ्ठी काढून नीट वाचावी लागते. दादाच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात होती, पगाराच्या पाऊण टक्का. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा योजना आहे, आणि बहुतेकांना ती फक्त दवाखान्यापुरती माहीत असते. त्या दवाखान्यात औषधं मोफत मिळतात, म्हणजे दिवसाआड गोळीचा प्रश्न तिथेच संपतो. शिवाय पुरेसे दिवस वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते. दीर्घ मुदतीच्या 34 आजारांच्या यादीतला आजार असेल आणि नोकरीला दोन वर्षं झालेली असतील, तर पुढे 80 टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षं. त्या यादीत सायकोसिसचा गट आहे. स्किझोफ्रेनिया आणि नैराश्याचा एक तीव्र प्रकार त्यात मोडतो. चिंताविकार किंवा नैराश्याचे इतर प्रकार त्यात बसत नाहीत, आणि हा मला त्या यादीतला अन्याय वाटतो, कारण त्या आजारांनीही माणसं महिनोन्‌महिने घरी बसतात.

पण आजाराचं नाव यादीत असून भागत नाही, ते प्रमाणपत्रावर यावं लागतं. आमच्या घरात खरी कसोटी इथे लागली. मामांचं म्हणणं होतं, ओळखीच्या डॉक्टरांकडून कावीळ लिहून आणा, कंपनीत बभ्रा नको. ते दादाच्या भल्यासाठीच बोलत होते. कावीळ आपल्याकडे रजेच्या अर्जांवर वर्षानुवर्षं चालत आलेली आहे. पण कावीळ महिन्या-दोन महिन्यांत बरी होते, अशी सगळ्यांची समजूत असते. त्यानंतर काय लिहायचं? लपवलेल्या आजाराला मोफत औषध नाही, 70 टक्के नाही, 80 टक्के तर नाहीच. लाज पैशांत मोजायची ठरवली तर ती एवढी महाग पडते. वहिनी ठामपणे म्हणाली, आहे ते लिहा. दवाखान्यातून चिंचवडच्या मोहननगरमधल्या ईएसआय रुग्णालयात, तिथून तज्ज्ञांकडे, अशी चिठ्ठ्यांची वारी झाली आणि कागदावर खरं नाव आलं.

मामांची दुसरी सूचना दादाचं एटीएम कार्ड काढून घ्यायची होती. ‘त्याला काय कळतंय सध्या, सगळं वहिनीच्या हातात द्या.’ अनेक घरांत असंच होतं, प्रेमापोटी होतं, आणि माणूस बरा झाल्यावरही कार्ड परत येत नाही. मानसिक आरोग्य देखभाल कायदा 2017 चा, अमलात आला 2018 मध्ये. मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणसाला निर्णय घेता येत नाही असं धरून चालू नये, असं तो उपचारांच्या संदर्भात सांगतो. पैशांच्या व्यवहाराविषयी तो बोलत नाही. तरी त्यातलं तत्त्व मी घरच्या हिशेबालाही लावते. हप्ते वेळेवर भरायला मदत करणं वेगळं, आणि चाळिशीतल्या माणसाने पानपट्टीवर जायला बायकोकडे वीस रुपये मागणं वेगळं. द्विध्रुवी विकारात उन्मादाच्या दिवसांत खर्चाला धरबंध राहत नाही, तिथे कार्डाची मर्यादा कमी करावीच लागते. पण तीही माणूस बरा असतानाच्या दिवसांत, त्याच्याशी बोलून ठरवलेली असावी.

वहिनीने दादाचं खातं दोघांच्या नावावर करून घेतलं, दोघांपैकी कुणाच्याही सहीने चालेल असं. कार्ड दादाच्या पाकिटातच राहिलं. हिशेबाचा एक कागद ती आठवड्यातून एकदा त्याच्यापुढे ठेवायची, तोही संध्याकाळी, कारण नैराश्यात सकाळ बहुधा जड जाते. एका वेळी एकच प्रश्न. ‘पतसंस्थेला मुदतवाढीचा अर्ज द्यायचा का?’ तो हो म्हणाला की अर्ज ती लिहायची, सही दादाची. अर्ज हप्ता चुकायच्या आधी गेला आणि मुदत वाढली, हप्ता उतरला. बँकेचं कर्ज 90 दिवस थकलं की ते अनुत्पादित ठरतं आणि मग बोलण्याचा सूर बदलतो. आजारी माणसाच्या घरात तिथवर जाऊ देऊ नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2021 पासून मानसिक संकटावर उपचार घेणाऱ्या कर्जदाराला कायद्याने मोकळीक मिळते: उपचार चालू असेपर्यंत आणि पुढे 30 दिवस वसुलीची कारवाई थांबते, बहुतेक व्याज आणि दंडही थांबतो. आपल्याकडे वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. दादासारख्याला सकाळी दहाचा फोनही पेलत नाही.

नातेवाइकांनी मदत केली. भिशीतल्या बायकांनी वहिनीला तिचा नंबर नसताना रक्कम उचलू दिली, कुणी कारण विचारलं नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मात्र मामांनी दिलेल्या पैशांबरोबर दर रविवारी सल्लाही यायचा, आणि ते आले की दादा आतल्या खोलीत जायचा. विम्याची पहिली रक्कम जमा झाली तो मेसेज मात्र त्याने स्वतः वाचला. दोनदा वाचला. ते पैसे त्याच्या नावाने, त्याने वर्षानुवर्षं भरलेल्या वर्गणीतून आले होते, कुणापुढे मान खाली घालायची नव्हती. त्या रात्री तो आमच्याबरोबर जेवायला बसला. याचा अर्थ तो बरा झाला असा नाही. पुढेही बरेच महिने गेले.

कामावर परतताना डॉक्टरांनी लिहून दिलं, रात्रपाळी नको. कंपनीने ते मानलं, पण रात्रपाळीचा भत्ता गेला, ओव्हरटाइम गेला. कर्ज फिटेपर्यंत पीएफमधून आजारपणासाठीची उचल घ्यावी, असं मी म्हणत होते. त्याला ती मिळाली असती. दादा म्हणाला, पीएफ मुलीसाठी आहे, त्याला हात लावायचा नाही. त्याने मोटारसायकल विकली, हस्तांतराच्या कागदांवर सही केली आणि पीएमपीचा पास काढला. पहिल्या पाळीला पोचायला त्याला आता भल्या पहाटे निघावं लागतं, झोप मोडते, आणि त्या झोपेसाठीच तर रात्रपाळी सोडली होती. हे मी त्याला पुन्हा पुन्हा सांगते. तो ऐकत नाही. आमचा हा वाद अजून चालू आहे.